पिवळ्या दिव्याची गोष्ट

डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा तुम्ही पाहिलेला असणारच. तो किटलीसारखा दिसतो की पाणबुडीसारखा, यावर आमच्या ऑफिसात एकदा जेवणाच्या सुट्टीत रीतसर मतदान झालं होतं (किटली जिंकली). प्रत्यक्षात ते इंजिनाचं चित्र आहे. किल्ली फिरवली की पेटतो, इंजिन सुरू झालं की विझतो. आणि एखाद्या सोमवारी सकाळी विझतच नाही. गाडी तर नीट चालतेय. आवाज नाही, धूर नाही, तापमानाचा काटा जागेवर. मग आपण काय करतो? दुर्लक्ष. माझ्या एका मित्राने त्या दिव्यावर मुलीच्या वहीचं स्टिकर चिकटवून टाकलं होतं.

एका अर्थाने त्याचं फार चुकत नव्हतं. ऑइलचा लाल दिवा पेटला तर तो तुमचं इंजिन वाचवायला पेटतो. हा पिवळा दिवा मात्र गाडीमालकाच्या सोयीसाठी जन्मालाच आला नाही. तो आला गाडीबाहेरच्या माणसांसाठी, म्हणजे जी हवा ते श्वासात घेतात तिच्यासाठी, आणि आला तोही कायद्याचा बडगा घेऊन. त्यामागे शेकडो कोड दडलेले असतात. आज त्यातला एकच घेऊन बसू: पी०१७१, 'सिस्टिम टू लीन'. म्हणजे पेट्रोलच्या मानाने इंजिनात हवा जास्त होतेय. हा कोड नीट समजून घ्यायचा तर थेट १९४३ सालच्या लॉस एंजेलिसला जावं लागतं.

२६ जुलै १९४३. महायुद्ध चालू. पर्ल हार्बरची जखम ताजी. अशात भर दिवसा लॉस एंजेलिसवर धुरकट पडदा उतरला. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे खवखवायला लागले, दोन-चार चौकांपलीकडचं दिसेना. जपान्यांनी विषारी वायू सोडला, असंच काहींना वाटलं. मग संशय गेला अलिसो स्ट्रीटवरच्या एका कारखान्यावर, जिथे कृत्रिम रबरासाठी लागणारं रसायन बनत होतं. तो बंद ठेवून पाहिला. पडदा आपला येतच राहिला. (आपल्या धंद्यातल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. काही बिघडलं की सगळ्यात नवीन रिलीजकडे बोट, ती मागे घ्यायची, आणि बग तिथेच.)

कोडं सुटलं ते एका अननसवाल्यामुळे. आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच माणूस कॅलटेकमध्ये जैवरसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि अननसाचा स्वाद नेमका कुठल्या रसायनांतून येतो ते शोधत होता. वास ज्यातून येतो ती रसायनं थंड करून पकडायची, असं त्याचं तंत्र. तेच तंत्र त्याने १९४०च्या दशकाच्या शेवटी शहराच्या हवेवर वापरलं आणि हाती आले घाणेरड्या वासाच्या तपकिरी द्रवाचे काही थेंब. पुढच्या काही वर्षांत त्याने दाखवून दिलं की हा धूर कुठल्या एका चिमणीतून निघतच नाही. न जळलेलं पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बन, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं, यांच्यावर ऊन पडलं की हवेतच ओझोन आणि डोळे झोंबवणारे इतर पदार्थ तयार होतात. ओझोन मोजायची त्याची युक्ती तर फारच झकास होती. रबराची पट्टी वाकवून ताणायची आणि हवेत ठेवायची. ओझोन जितका जास्त, तितके रबराला तडे लवकर. हे रबराचे तडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

तेल कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या संशोधकांनी त्याच्या म्हणण्याला आक्षेप घेतला. स्वभावाने शांत असलेला हा माणूस त्यावर असा भडकला की अननस बाजूला ठेवून पुढची अनेक वर्षं धुरामागेच लागला. तिकडे केनेथ हान नावाचा काउंटीचा लोकप्रतिनिधी १९५३ पासून गाड्यांच्या कंपन्यांना पत्रं लिहीत होता. फोर्डकडून त्याला उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा की गाडीतून निघणारा वायू हवेत चटकन विरून जातो, काळजी नसावी! १९६९ मध्ये तर अमेरिकन सरकारने वाहन उत्पादकांच्या संघटनेवर खटलाच भरला, आरोप असा की धूर कमी करणारी उपकरणं लांबणीवर टाकायला सगळ्यांनी संगनमत केलं. खटला त्याच वर्षी तडजोडीने मिटला.

पहिलं उपकरण मात्र आधीच आलं होतं, आणि ते होतं एक साधी नळी. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली इंजिनाच्या पोटात झिरपतो. पूर्वी तो सरळ बाहेर सोडून देत. ती वाफ नळीने परत इंजिनाच्या तोंडाशी न्यायची आणि तिथे जाळून टाकायची, ही व्यवस्था म्हणजे पीसीव्ही. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर ती १९६१च्या मॉडेलांपासून दिसायला लागली.

मग आली १९६६च्या मॉडेलांची पाळी. कॅलिफोर्नियाने सायलेन्सरमधून निघणाऱ्या हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइडवर मर्यादा घातली. कंपन्यांनी सोपा उपाय काढला: मिश्रण लीन करा. पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणजे न जळलेलं पेट्रोल आपोआप कमी. चाचणीत पास! पण थोड्या लीन मिश्रणात ज्वाळा तापते आणि ऑक्सिजनही शिल्लक असतो. नायट्रोजनची ऑक्साइडं नेमकी अशाच ठिकाणी बनतात. हागेन-स्मिटच्या समीकरणातला एक घटक खाली आला आणि दुसरा वर गेला. जे मोजत नव्हते ते वाढलं. १९७१च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियाला नायट्रोजन ऑक्साइडांसाठीही वेगळी मर्यादा आणावी लागली. 'लीन' हा शब्द कंजुषीचा, म्हणून चांगला वाटतो खरा, पण हवेच्या बाबतीत तो तेव्हापासूनच बदनाम आहे.

१९७०च्या शेवटच्या दिवशी निक्सनने क्लीन एअर अॅक्टच्या दुरुस्त्यांवर सही केली. पाच-सहा वर्षांत धूर ९० टक्क्यांनी कमी करा, असा हुकूम. कंपन्यांनी आरडाओरडा केला, मुदती पुढे गेल्या. (होंडाने तेवढ्यात सीव्हीसीसी इंजिन काढून दाखवलं. छोट्या कप्प्यात रिच मिश्रण पेटवायचं आणि त्याच्या ज्वाळेने मुख्य कप्प्यातलं लीन मिश्रण जाळायचं. १९७५ची सिव्हिक त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय पास झाली. पण त्यावर एक स्वतंत्र लेख होईल.) बाकीच्यांनी १९७५ पासून कन्व्हर्टर बसवला. प्लॅटिनमसारख्या धातूंवरून धूर नेला की हायड्रोकार्बन आणि मोनॉक्साइड जळून जातात. नायट्रोजनची ऑक्साइडं मात्र तशीच सुटत होती.

तिन्ही विषं एकाच डब्यात मारायची तर पंचाईत अशी. दोघांना मारायला ऑक्सिजन हवा, तिसऱ्याला मारायला ऑक्सिजन नको. दोन्ही एकदम साधतं ते फक्त एका अरुंद फटीत: १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. जरा रिच झालं की मोनॉक्साइड सुटतो, जरा लीन झालं की नायट्रोजन ऑक्साइड. आता सांगा, कार्बोरेटर नावाचं पितळी भांडं उन्हा-पावसात, घाटात, थंडीत हे प्रमाण कसं सांभाळणार? आपल्याकडची पद्धत आठवा. सकाळी चोक ओढायचा, स्कूटर आडवी करून किक मारायची आणि मिस्त्री प्लग काढून त्याचा रंग बघणार. काळा म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, विटकरी म्हणजे 'एकदम ओके'. निदानाची रीत म्हणून उत्तमच, पण प्लगचा रंग दर सेकंदाला कोण बघणार?

ते काम बॉशच्या लॅम्ब्डा सेन्सरने केलं. झिर्कोनियाची एक चिनीमातीसारखी टोपी, आतून बाहेरची स्वच्छ हवा, बाहेरून इंजिनाचा धूर. साधारण ३०० अंशांच्या वर तापली की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकानुसार ती वीज निर्माण करते. धुरात ऑक्सिजन शिल्लक नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, शिल्लक असेल तर सुमारे ०.१. बस, एवढंच. १९७६ मध्ये व्होल्व्होने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत (१९७७ची मॉडेलं) हा सेन्सर तिहेरी कन्व्हर्टरबरोबर बसवला. त्या गाड्यांच्या जाळीवर 'लॅम्ब्डा सोंड' असा बिल्ला मिरवला जाई. आता संगणक पेट्रोल सोडतो, सेन्सर उरलेला ऑक्सिजन सांगतो, संगणक थोडं वाढवतो, मग थोडं कमी करतो, सतत. आपल्या भाषेत फीडबॅक लूप.

नीट पाहा, या सेन्सरला काय ठाऊक असतं? धुरात ऑक्सिजन उरलाय की नाही, इतकंच. तो का उरला, हे त्याला माहीत नसतं. पी०१७१ वरून होणारे निम्मे खर्च एवढी एक गोष्ट विसरल्यामुळे होतात असं माझं मत आहे.

पुढे दिवा आला. १९८१ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्यांत संगणक बसवला आणि डॅशबोर्डवर 'चेक इंजिन'. डॅशखालच्या सॉकेटमधल्या ए आणि बी या दोन पिना तारेच्या तुकड्याने (लोक चक्क पेपरक्लिप वापरत) जोडल्या की दिवा लुकलुकून कोड सांगायचा. आधी १२, म्हणजे 'मी जागा आहे'. मग चार वेळा, थांबा, परत चार वेळा: ४४, धूर लीन. ४५ असेल तर रिच. स्क्रीन नाही, केबल नाही, एका बल्बवर अख्खं डीबगिंग. मला तर हे वाचूनच भरून आलं होतं :)

पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे. कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने (याचा पहिला अध्यक्ष कोण? आपले हागेन-स्मिट!) १९८८च्या मॉडेलांपासून गाडीनेच स्वतःची तपासणी करावी असा नियम लावला. तोही तोकडा पडला, म्हणून ओबीडी-२ आलं. १६ पिनांचं एकच सॉकेट, सगळ्यांचे कोड समान, आणि कन्व्हर्टरपासून मिसफायरपर्यंत सगळ्यावर नजर. १९९६च्या मॉडेलांपासून हे अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. दिवा स्थिर असेल तर 'दाखवून घ्या', आणि लुकलुकत असेल तर 'पाय उचला, मिसफायरमुळे कन्व्हर्टर जळतोय', ही भाषाही तिथलीच. १९९०च्या क्लीन एअर अॅक्ट दुरुस्तीत आणखी एक कलम होतं, जे मला या सगळ्यात सर्वांत दूरदृष्टीचं वाटतं. निदानाची ही माहिती कंपनीने स्वतःच्या वर्कशॉपपुरती दडवून ठेवायची नाही, बाहेरच्या मेकॅनिकलाही दिली पाहिजे. हवा सगळ्यांची, तर तक्रारवहीही सगळ्यांनी वाचावी.

आपल्याकडे ही गाडी उशिरा पण ओळखीच्या स्टेशनांवरून आली. १९९५च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसंविरहित पेट्रोल. २०००च्या फेब्रुवारीपासून ते देशभर. त्याच वर्षी मारुती ८०० लाही एमपीएफआय मिळालं (मागच्या काचेवरचं ते स्टिकर आठवतंय?). २०१०च्या एप्रिलमध्ये बीएस-४ आलं ते १३ शहरांत, आणि त्या यादीत मुंबई-पुण्याच्या जोडीला चक्क सोलापूर होतं. त्याबरोबर ओबीडी-१, आणि २०१३च्या एप्रिलपासून ओबीडी-२. म्हणजे तुमची गाडी त्यानंतरची असेल तर स्टिअरिंगखाली ते १६ पिनांचं सॉकेट नक्की आहे. हजारभर रुपयांचं ब्लूटूथ यंत्र आणि फोनवरचं एक अॅप, झालं काम.

माझ्या गाडीचा दिवा पेटला तेव्हा मी हेच केलं. पी०१७१. सर्व्हिस सेंटरमध्ये (नाव राहू द्या) सल्लागाराने कोड पाहिला आणि म्हणाला, "सर, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." अंदाज आठ हजारांच्या वर. मी म्हटलं, "फ्युएल ट्रिम किती दाखवतंय?" तो म्हणाला, "ते आम्ही बघत नाही सर."

फ्युएल ट्रिम हे या गोष्टीतलं खरं पात्र आहे. लूपमध्ये संगणकाला मूळ हिशोबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडावं लागतंय, ती ही नोंद. निरोगी गाडीत ती शून्याच्या पाच-सात टक्के इकडेतिकडे असते. संगणक निमूटपणे पेट्रोल वाढवत राहतो, आणि वाढवून वाढवून २०-२५ टक्क्यांच्या आसपास (आकडा कंपनीगणिक वेगळा) हात टेकतो, तेव्हा कुठे कोड नोंदला जातो. तोही लगेच दिवा लावत नाही. पुढच्या फेरीतही तेच दिसलं तरच लावतो. म्हणजे दिवा पेटतो तेव्हा आजार बराच जुना झालेला असतो.

माझ्या गाडीचा दीर्घ ट्रिम उभ्या गाडीत अधिक २२ होता. आरपीएम २५०० वर धरला तर उतरून ६ वर. एवढ्या दोन आकड्यांत बरंच काही कळतं. पंप किंवा फिल्टर थकला असता तर जोर वाढल्यावर पेट्रोल अपुरं पडून आकडा वाढला असता. इथे उलट घडत होतं. कुठेतरी ठराविक मापाचं भोक आहे. इंजिन आयडलला जेमतेम हवा ओढतं, तेव्हा त्या भोकातून येणारी चोरटी हवा मोठी ठरते. वेग वाढला की तीच हवा किरकोळ. (माझ्या गाडीत हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आहे आणि भोक त्याच्या पुढे असल्याने ती हवा न मोजताच आत जाते. ज्या गाड्यांत फक्त मॅनिफोल्डचा दाब मोजतात तिथे अशी गळती बऱ्याचदा लीन कोडऐवजी चढलेला आयडल म्हणून दिसते, तेव्हा माझे आकडे जसेच्या तसे लावू नका.)

आकडे घेऊन आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. वय साठीपार, कार्बोरेटरच्या काळातले. फोनवरचे आकडे त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिले. "सेन्सरला कशाला मारायचं साहेब? तो बिचारा चुगली करतोय, चोरी दुसऱ्याने केलीय." त्यांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये धुराचं यंत्र होतं. इंजिन बंद ठेवून हवेच्या मार्गात पांढरा धूर भरला. दोन मिनिटांत इंजिनामागून, हात मुश्किलीने पोचेल अशा ठिकाणाहून, धुराची बारीक रेघ वर आली. रबरी कोपरा खालच्या अंगाला चिरला होता. बोट लावून वाकवला तर चीर ओठांसारखी उघडली. तो कोपरा होता पीसीव्हीच्या नळीचा. होय, तीच ती, १९६१ची. रबर बहुधा उष्णतेने आणि तेलाच्या वाफांनी गेलं असणार, ओझोनचा त्यात हात असलाच तर किरकोळ. पण वाकवलेल्या रबरावरचे तडे बघून मला अननसवाल्या प्राध्यापकांची आठवण झालीच.

नवा कोपरा ३४० रुपये. कोड मी मुद्दाम पुसला नाही. ट्रिम दोन दिवसांत उतरून ३ वर आला आणि ओळीने तीन फेऱ्या सुरळीत गेल्यावर दिवा आपणहून विझला, नियमात लिहिल्याप्रमाणे.

आता थोडं आजचं. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे १ किलो इथेनॉलला जेमतेम ९ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलं की १४.७ चा आकडा साधारण १३.५ वर येतो, १० टक्क्यांना १४.१ च्या जवळपास. आपल्याकडे २०२५ मध्ये पंपांवरचं पेट्रोल २० टक्क्यांवर पोचलं. १० टक्क्यांच्या हिशोबाने जुळवलेली गाडी हे पेट्रोल पिते तेव्हा सेन्सरला धुरात ऑक्सिजन जास्त दिसतो आणि संगणक ट्रिम ३-४ टक्क्यांनी वर नेतो. काहीही बिघडलेलं नसताना. एवढ्याने दिवा पेटत नाही. पण एखादी बारीक चीर, जी पूर्वी १८ वर थांबली असती, ती आता २२ ला जाऊन सीमारेषेवर उभी राहते. जुन्या गाड्यांत हे दिवे जास्त पेटले तर 'पेट्रोलमुळे झालं' आणि 'सेन्सर बदला' ही दोन्ही उत्तरं ऐकायला मिळतील. पहिल्यात अर्धं तथ्य असेल. दुसऱ्यासाठी आधी ट्रिम विचारा, आयडलचा वेगळा आणि २५०० चा वेगळा.

आणि तुलना करायला जुना आकडा लागतो. तेव्हा दिवा विझलेला असतानाच एकदा यंत्र लावून दोन्ही ट्रिम बघून घ्या. मी माझे पीयूसीच्या कागदामागे पेन्सिलीने लिहून ठेवलेत, तारखेसकट.